आधी कुठून उसवतं?

एन्झाइम तापवलं की ते सगळीकडून एकदम उकलत नाही. आधी एखादं सैल वेटोळं सुटतं, मग त्यामागोमाग बाकीची घडी मोडते. शिवण जिथून उसवते तिथेच टाका घालायचा, एवढंच आमचं काम. सगळीकडून आवळून टाकायचं म्हटलं तर एन्झाइम टिकेल, पण राबणार नाही. थोडं हलल्याशिवाय त्याला काम करताच येत नाही.

हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या लायपेजवर, म्हणजे चरबी तोडणाऱ्या एन्झाइमवर, झालेलं काम मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला लावते. १८१ अमिनो आम्लांची साखळी, त्यातली १२ बदललेली. घडी मोडण्याचं तापमान ५६ अंशांवरून ७८ अंशांवर! आणि दोन्हींची रचना शेजारी ठेवून पाहिली तर सांगाडा जवळपास तोच. असे बदल पिढीमागून पिढी निवडत जमवावे लागतात. जनुकाची नक्कल करताना मुद्दाम चुका होऊ द्यायच्या, प्रत्येक नमुना ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये भरायचा, प्लेट तापवायची, थंड करायची आणि तुटलं की पिवळं होणारं एन्झाइमचं खाद्य घालून वाट पाहायची. बहुतेक खळगे रंगहीन राहतात. एखादाच पिवळा होतो, आणि त्याच्याकडे पाहून आजही माझा जीव हरखतो.

पण किती उष्णता सोसायची, हे शेवटी समोरचा पदार्थ ठरवतो. बाटल्यांचं पेट प्लास्टिक घ्या. पासष्ट-सत्तर अंशांच्या आसपास त्याच्या साखळ्या सैल होतात, तेव्हा कुठे एन्झाइमला नीट शिरकाव मिळतो. फार तापवलं तर तेच प्लास्टिक स्फटिकरूप होऊन हटून बसतं. म्हणजे वाट अरुंद. जपानमध्ये पालापाचोळ्याच्या खतातून सापडलेलं एलसीसी हे पेट तोडणारं एन्झाइम मुळातच दणकट; कॅल्शियम मिळालं की आणखी टिकणारं. पण कारखान्यात सतत कॅल्शियम ओतायचं कसं? तुलूझच्या संशोधकांनी कॅल्शियम बसतं त्या जागेवरची २३८ आणि २८३ क्रमांकांची अमिनो आम्लं काढून तिथे सिस्टीन बसवली. दोघींची गंधकं एकमेकांना जोडली गेली आणि घडी मोडण्याचं तापमान जवळपास १० अंशांनी चढलं. माझ्या मते या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी दुरुस्ती आहे. तिने काम जरा मंदावलं, हेही खरं. ते २४३व्या जागी आयसोल्युसिन घालून भरून काढलं गेलं. आणखी एका बदलानंतर २०२० साली जाहीर झालेला निकाल असा होता: ७२ अंशांना, १० तासांच्या आत, ९० टक्के पेट विघटित.

या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. थंड केलेल्या प्लेटमधला पिवळा रंग पाहून थांबू नका. उकललेलं एन्झाइम थंड होताना पुन्हा घडी घालू शकतं आणि तोही खळगा पिवळाच दिसतो. ज्या तापमानाला ते राबणार आहे, त्याच तापमानाला, तासन्‌तास, त्याचं काम मोजा.