फिकट राखाडी बटण

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा आईने फोन माझ्या हातात दिला. "दर महिन्याला दोनशे नव्व्याण्णव रुपये कापले जातायत रे. बघ जरा." कुठल्याशा अ‍ॅपची फुकट ट्रायल तिने कधीतरी घेतली होती. ती रद्द करायची जागा सापडायला मलाही चार स्क्रीन लागल्या. शेवटच्या स्क्रीनवर 'चालू ठेवा' हे ठळक निळं बटण होतं आणि त्याखाली पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत 'रद्द करा'. चष्मा लावूनही आईला ते दिसलं नव्हतं.

मला लगेच दिसलं. कारण तसंच एक बटण मी स्वतः बनवलंय. हे अ‍ॅप आमचं नव्हतं, पण युक्ती तीच. आमच्या मीटिंगमध्ये त्या स्क्रीनचं कौतुक झालं होतं: "एकदम क्लीन."

हे 'क्लीन' आलं कुठून? बाउहाउसचं नाव तुम्ही ऐकलं असेल. वाल्टर ग्रोपिउसने १९१९ साली वायमारमध्ये सुरू केलेली ही डिझाइनची शाळा १९३३ मध्ये नाझींच्या दबावाखाली बंद पडली. तिची धाकटी बहीण म्हणावी अशी शाळा उल्म शहरात १९५३ साली सुरू झाली आणि १९६८ साली संपली. आयुष्य जेमतेम पंधरा वर्षांचं.

ती उभी केली इंगे शोल, तिचा नवरा ओटल आयखर आणि बाउहाउसमध्ये शिकलेला माक्स बिल यांनी. इंगेची भावंडं हान्स आणि सोफी नाझींविरुद्ध पत्रकं वाटताना पकडली गेली. २२ फेब्रुवारी १९४३ रोजी दोघांचा शिरच्छेद झाला. सोफी एकवीस वर्षांची होती. त्यांच्या आठवणीसाठी इंगेला शाळा काढावीशी वाटली.

मी आधी गोंधळलो. असं दुःख भोगलेली माणसं खुर्च्या आणि रेडिओ बनवायला का शिकवतील? मग उल्मचं स्टूल पाहिलं. १९५४ चं, बिल आणि हान्स गुगेलोट यांचं. तीन लाकडी फळ्या आणि एक गोल दांडा, बस. दांडा पाय पक्के धरतो आणि उचलायची मूठही होतो. आडवं करा, बसायची उंची बदलते. उलटं करा, त्यात पुस्तकं भरून नेता येतात. शाळेकडे पैसे कमी होते, म्हणून इतकं साधं. त्यात काहीच लपवलेलं नाही. कसं बनलंय ते बघताक्षणी कळतं. नुसत्या भपक्याने लोकांना कसं गुंगवता येतं, हे या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचा साधेपणा मला तेव्हा उमगला.

ते काही संत नव्हते. आपसात भांडले, डिझायनर हा कलाकार की शास्त्रज्ञ, या वादात बिल १९५७ मध्ये बाहेर पडला. कंपन्यांसाठीही त्यांनी काम केलं. गुगेलोट आणि डीटर राम्स यांनी ब्राउनसाठी १९५६ साली पांढरा, पारदर्शक झाकणाचा रेडिओ-फोनो बनवला. पहिल्या आयफोनवरचा कॅल्क्युलेटर ब्राउनच्याच कॅल्क्युलेटरवरून घेतलेला होता. आपल्याकडेही धागा आहे: उल्मला शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णींनी पवईच्या आयआयटीत १९६९ साली आयडीसी उभं करण्यात मोठा वाटा उचलला. त्याच्या आदल्याच वर्षी अनुदान आटल्याने उल्मची शाळा बंद झाली होती.

शाळा गेली, तिचं रूप मात्र आपल्या खिशात आलं. मोकळी पांढरी जागा, साधी अक्षरं, मोजकी बटणं. आम्ही ते रूप तेवढं घेतलं आणि त्याच पांढऱ्या जागेत 'रद्द करा' लपवलं. स्टुलाचा दांडा सगळ्यांना दिसावा असा होता. माझं बटण दिसू नये असं होतं.

सुट्टीवरून परतल्यावर मी एक तिकीट टाकलं: 'रद्द करा'चा रंग गडद करावा, दोन्ही बटणं सारखी असावीत. मॅनेजरने विचारलं, "आकडे पडले तर जबाबदारी तुझी का?" मी "हो" म्हणालो नाही. खरं सांगायचं तर गप्प बसलो.

बदल दोन ओळींचा आहे. तिकीट अजून बॅकलॉगमध्ये आहे. मी ते बंद केलेलं नाही.