जुनी गाडी कुणी चालवायची?

२०२५च्या सप्टेंबरात आमच्या घरी एकाच आठवड्यात दोन निरोपांची चर्चा झाली. एक होता परिवहन खात्याचा: आमच्या मोटारीच्या नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली होती. दुसरा साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला: २६ सप्टेंबरला चंडीगढ येथे हवाई दलाने मिग-२१ विमानांना निरोप दिला. १९६३ साली दाखल झालेले विमान बासष्ट वर्षांनी निवृत्त होत होते. आमची गाडी त्यामानाने तरुणच म्हणायची.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. एकाला फलटणमध्येच पूर्णवेळ नोकरी आहे. दुसरी कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर, मोगराळे घाट ओलांडून माण तालुक्यात शिकवायला जाते. एक निश्चित पगार आणि एक अनिश्चित मानधन यांच्या बेरजेवर आम्ही २०१० साली ती लहानशी गाडी कर्जाने घेतली. काळ मोटारीच्या स्वप्नांचाच होता. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत रतन टाटांनी एक लाखाची नॅनो दाखवली होती. पावसात स्कूटरवरून चाललेले चौघांचे कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. असे स्वप्न आपल्या मुलखाला नवे नव्हते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी १९४९ साली 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना घडवला आणि पुढे वर्षानुवर्षे तो सुधारत नेला. मीरा बाजारात आलीच नाही; नॅनो आली, पण २०१८मध्ये तिचे उत्पादन थांबले. स्कूटरवरचे चौघे मात्र अजून रस्त्यावर आहेत. ते पुढे या लेखातही येणार आहेत.

आमच्या गाडीचे दुखणे ब्रेकचे होते. गॅरेजवाल्या मेस्त्रींनी मास्टर सिलिंडर बदलायला सांगितला आणि येथून आमची यात्रा सुरू झाली. अधिकृत दुकानात कळले की तो भाग 'आता येत नाही'. मदतवाहिनीवरचा आवाज आमचा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे पुनःपुन्हा सांगत राहिला. तक्रारीला क्रमांक मिळाला. त्या क्रमांकाचे पुढे काय झाले ते कळले नाही. पुनर्नोंदणीचे शुल्क, जे एके काळी सहाशे रुपये होते, ते एप्रिल २०२२पासून पाच हजार झाले आहे. गाडी जुनी झाली म्हणून शुल्क वाढते आणि गाडी जुनी झाली म्हणूनच सुटा भाग मिळत नाही, यातली संगती आम्हांला लागली नाही. नवी घ्यावी, तर हप्त्याचा आकडा पाहून आम्ही गप्प बसलो.

त्याच दिवसांत मिगविषयी वाचत होतो. ही विमाने आपल्याकडे नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यातही बनली. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली ज्या साताऱ्यात निघाली, त्या जिल्ह्यात या बातम्या परक्या वाटत नाहीत. एप्रिल २०१२पर्यंत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक गेले, असे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते. त्या १७१ जणांत फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ आहेत. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला त्यांचे मिग-२१ कोसळले. दोष वैमानिकाचा, हा निष्कर्ष त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी मुकाट्याने स्वीकारला नाही. त्या जाहीरपणे प्रश्न विचारत राहिल्या.

वाटते तितका दोष वयाचा नसतो. १९४०च्या दशकातले एक डकोटा विमान नीट दुरुस्त होऊन २०१८ साली ब्रिटनहून उडत भारतात आले, 'परशुराम' या नावाने हवाई दलात दाखल झाले. त्याला जपणारे हात आणि हौसेचे पैसे होते, आणि त्याच्यावर रोजच्या कामाचा भार नव्हता. मिगचे तसे नव्हते. त्याची जागा घेणारे स्वदेशी लढाऊ विमान बनवण्याचा कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला, आणि तेजसचे पहिले पथक उभे राहिले २०१६ साली. प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस १९८२ची. हॉक विमान दाखल झाले २००८मध्ये. मधल्या काळात तरुण मुले संथ विमानांवर शिकून एकदम मिगमध्ये बसत होती. उशीर कागदावर होत होता. त्याची किंमत आसनावर बसलेला मोजत होता.

आमच्या ब्रेकची तुलना त्या मुलांशी करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण 'आसनावर कोण बसणार' हा प्रश्न लवकरच आमच्या दारी आला. गाडी विकायची ठरताच आमचा एक जुना विद्यार्थी आला. तो भाजीचा व्यापार करतो. गाव घाटापलीकडे, घरी बायको आणि दोन लहान मुले. ब्रेकची हकिकत आम्ही त्याला स्पष्ट सांगितली. तो म्हणाला, "सर, सध्या आम्ही चौघं मोटारसायकलवरच घाट उतरतो. पावसात पण."

यावर काय बोलणार? गाडी भंगारात दिली तर आमचे हात स्वच्छ राहत होते, आणि ती मुले मोटारसायकलवरच राहत होती. त्याला दिली तर आम्हांला नकोसा झालेला धोका, किंमत कमी करून, आमच्याहून गरीब माणसाकडे सरकत होता. वर्गात आम्ही नैतिक पेचाच्या कथा शिकवतो. तिथे निदान तास संपल्याची घंटा होते.

शेवटी पुण्यातल्या एका भंगारवाल्याकडे तसाच सिलिंडर मिळाला. मेस्त्रींनी तो उघडून, रबरे बदलून बसवला. तो दुसऱ्या कुठल्या मोडीत निघालेल्या गाडीचा होता, हेही आम्ही विद्यार्थ्याला सांगितले. पुनर्नोंदणी आमच्या खर्चाने करून घेतली. विमानाला नोंदवही असते, म्हणून आम्हीही एक वही केली: काय बदलले, काय बदललेले नाही, कशावर लक्ष ठेवायचे. किल्लीबरोबर ती दिली. त्याने ती कपाळाला लावली, तेव्हा आम्हांला अवघडल्यासारखे झाले.

परवा दहिवडी रस्त्यावर एसटीच्या खिडकीतून ती गाडी दिसली. मागे मुले, टपावर भाजीची पोती. वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही ठळक अक्षरांत लिहिले होते की घाटात वजन लादू नये.