अजून दोनच वर्षं

आखातातल्या मराठी घरांत एक वाक्य बारा महिने कानावर पडायचं : ‘आता काय, अजून दोनच वर्षं.’ व्हिसा दोन वर्षांचा, बताका म्हणजे तिथलं ओळखपत्र दोन वर्षांचं, त्यामुळे माणसं आयुष्याचा हिशेबही दोन-दोन वर्षांतच मांडायची. मुलीची दहावी झाली की निघायचं, डोंबिवलीचा फ्लॅट फिटला की निघायचं, धाकट्या नणंदेचं लग्न उरकलं की निघायचं. मग बताका नवा होऊन यायचा आणि वाक्य पुढं चालू. या वाक्यापायी आमच्या सीबच्या घरात काय काय आलं नाही, त्याची यादी मोठी आहे. धड पलंग आला नाही. पडद्यांना जोड आली नाही. पण यादीत पहिला नंबर नव्या कॉम्प्युटरचा. जायचंच आहे तर नवा कशाला? कार्गोनं पाठवायचा की विकून टाकायचा, आधी ते ठरवा. त्यापेक्षा आहे त्यातच थोडी रॅम वाढवू, असं हे म्हणायचे आणि विषय मिटायचा.

सीब म्हणजे मस्कतच्या पश्चिमेचं, समुद्राला लागून पसरलेलं गाव. आमच्या तिकिटावर मस्कत नसायचं, ‘सीब’ असायचं, कारण विमानतळाचं नावच तेव्हा सीब इंटरनॅशनल होतं. ते मस्कत झालं २००८ साली. गावाचा जुना भाग म्हणजे सूक. कापडाचे तागे, डिशडाशा शिवणारे शिंपी, हलव्याची दुकानं, सोनार, आणि टोकाला मासळीबाजार. सुरमई बघितली की आमचे कोकणातले शेजारी गावच्याच बाजारात असल्यासारखे कल्ले उचलून बघायचे. यांची नोकरी रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत. दुपारी एक ते चार सगळा बाजार बंद, उन्हाळ्यात तर कुत्रंही रस्त्यावर दिसायचं नाही. त्या तीन तासांत मी कॉम्प्युटर शिकले, असं म्हटलं तरी चालेल.

पहिला कॉम्प्युटर आमच्याकडे आला तो आखाताच्या रीतीप्रमाणे. ‘फायनल एक्झिट’वर, म्हणजे कायमचं परत निघालेल्या एका नागपूरच्या कुटुंबाचं सामान वाटलं जात होतं. कुणी फ्रिज उचलला, कुणी सायकल, आमच्या वाट्याला पेंटियम एमएमएक्स आला. विंडोज ९८, रॅम ३२ एमबी. मुलीच्या खेळांना आणि यांच्या एक्सेलला तो पुरत होता. मला पुरेना, कारण तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेचं टायपिंग माझ्या गळ्यात पडलं होतं. श्रीलिपीत मजकूर बडवायचा, पेजमेकरमध्ये पानं लावायची, इथपर्यंत ठीक. पण गणपतीतल्या नाटकाचे स्कॅन केलेले फोटो पानावर टाकले की हार्ड डिस्क जी करकरायला लागायची, ती मी कुकर लावून आले तरी थांबायची नाही. रॅम संपली की विंडोज डिस्कचाच एक तुकडा रॅम म्हणून वापरायला घेते, त्याची ती करकर. प्रत्येक फोटोला एक कुकर, या वेगानं त्या वर्षीचा अंक निघाला.

मंडळात एक मालवणी काका होते. तेलकंपनीत इन्स्ट्रुमेंटवर. त्यांना मी म्हटलं, चांगली १२८ करून टाकते, एकदाच खर्च. त्यांनी कॅबिनेट उघडून आत टॉर्च मारला, मदरबोर्डवरच्या इंटेलच्या चिपवरची अक्षरं वाचली आणि म्हणाले, “वयनी, चौसष्ट झाली काय थांबा. त्याच्या फुडे पैशे घालशात तर मशीन उलट हळू चलात.”

मला ते पटलं नव्हतं. जास्त रॅम घातल्यावर मशीन हळू? पण काकांनी समजावलं ते खरंच होतं. त्या बोर्डावर इंटेलचा ४३० टीएक्स चिपसेट होता. तो २५६ एमबीपर्यंत रॅम ओळखतो, पण त्याची कॅश, म्हणजे वेग देणारी हाताशी असलेली साठवण, मात्र पहिल्या ६४ एमबीपुरतीच. त्यावरची रॅम दिसते, मोजली जाते, पण कॅशविना लंगडत चालते; आणि विंडोज ९८ नेमकी वरच्या टोकापासून जागा वापरायला घेते. म्हणजे पैसे देऊन मंद भाग विकत घ्यायचा आणि कामालाही आधी तोच जुंपायचा. शिवाय त्या बोर्डावर रॅमच्या पट्ट्यांसाठी दोन जातींचे स्लॉट होते : ७२ पिनांच्या जुन्या सिमचे चार आणि १६८ पिनांच्या डिमचे दोन. सिम पाच व्होल्टवर चालणार, डिम सव्वातीनच्या आसपास. दोन्ही एकत्र लावायच्या फंदात पडायचं नाही. सिम जोडीनंच लागते, कारण पेंटियमचा रस्ता ६४ बिटांचा आणि सिमचा ३२. काकांनी हे सगळं चहाच्या बशीत बोट बुडवून टेबलावर काढून दाखवलं. जुन्या दोन सिम काढल्या, ३२ च्या दोन डिम बसवल्या, बेरीज ६४. कुकरच्या ऐवजी फोडणीइतक्या वेळात फोटो बसायला लागला.

तेव्हापासून मला कॅबिनेट उघडायची चटक लागली. बाहेरून दिसत नाही, पण सीबच्या कॉम्प्युटरच्या पोटात वाळू असायची. पिठासारखी, पिवळसर. पंख्याच्या पात्यांवर तिचा थर. आधी रंगवायच्या ब्रशनं ती झाडायची, मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवायची, मगच रॅमला हात. पट्टी कडेनं धरायची, सोनेरी दातांना बोट नाही. खालची खाच आणि स्लॉटमधली दांडी एका रेषेत आणायची आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्यायचा. बरोबर बसली की दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या कड्या आपणहून उठून टक्कन लागतात. एकच लागली आणि दुसरी अर्धवट उभी राहिली, तर कॉम्प्युटर चालू करू नये. हे मी पुढं इतक्या जणींच्या घरी जाऊन केलं, की मैत्रिणी नवऱ्यांना सांगायच्या, राहू द्या तुम्ही, तिलाच बोलावते.

सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला मोठा भूकंप झाला. चिपांचे कारखाने थांबले आणि रॅमचे भाव असे चढले की सोनं बरं. त्या वर्षी मंडळात कुणीच रॅम घेतली नाही. बैठकीत लोक तांदळाच्या भावासारखे रॅमचे भाव बोलायचे. पुढं २००१ मध्ये तेच भाव कोसळले. तोवर आमच्याकडे दुसरा वारस आला होता, पेंटियम थ्री, पुन्हा कुणाच्या तरी एक्झिटचा. यात १२८ होती, त्यात २५६ ची भर घालायची ठरली. म्हणजे मस्कतमधलं रुवी गाठणं आलं. सीबपासून चाळीसेक किलोमीटर. गुरुवारी संध्याकाळी, कारण तेव्हा सुट्टी गुरुवार-शुक्रवारची. शनिवार सुट्टीत आला २०१३ पासून. रुवीला जायचं म्हणजे भाजी, इडलीचं पीठ, मुलीचे बूट आणि रॅम अशी एकच यादी असायची.

दुकानात एक केरळी मुलगा होता. मी २५६ मागितली. त्यानं मला आधी विचारलं, “मॅडम, बोर्ड कौन सा?” मी चिठ्ठीवर लिहून आणलं होतं : ४४० बीएक्स. तो आत गेला, चंदेरी पिशव्यांतल्या दोन पट्ट्या घेऊन आला आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवल्या. दोन्ही २५६, दोन्ही १६८ पिनांच्या, दोन्हींना दोन खाचा, दोन्हींवर पीसी १३३ लिहिलेलं. फरक एवढाच, की एकीवर एकाच अंगाला आठ काळ्या चिप होत्या आणि दुसरीवर दोन्ही अंगांना आठ-आठ. आठवाली स्वस्त. मी अर्थातच तिकडं हात नेला. त्यानं ती सोनारानं पाटली पारखावी तशी उजेडात धरली आणि बाजूला ठेवून दिली. “ये आपका बोर्ड आधा ही देखेगा. एक सौ अट्ठाईस.”

कारण असं की त्या आठ चिपांत प्रत्येकी २५६ मेगाबिट कोंबलेले असतात, आणि बीएक्सला १२८ मेगाबिटच्या पुढची चिप कळत नाही. अर्धी जागा त्याच्या हिशेबी नसतेच. सोळा चिपांत तीच २५६ एमबी विरळ बसवलेली असते, ती तो पुरी वाचतो. पट्टी पीसी १३३ ची असली तरी १०० च्या बोर्डावर ती गुमान १०० नं चालते, त्याची चिंता नाही. हे सगळं त्या मुलानं मोडक्या हिंदीत, एका हातानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला केबल देत देत सांगितलं. त्याला महाग पट्टी खपवायची होती असं तुम्ही म्हणाल. पण घरी येऊन लावली, काळ्या पडद्यावर आकडे भराभर चढले आणि ३८४ वर थांबले. यांनी ते आकडे बघायला जेवणावरून उठून येणं, ही माझ्या लेखी फार मोठी पावती होती. कंपनीचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, घरी आला तेव्हाही ते उठले नव्हते.

रॅमबस नावाच्या रॅमची एक गंमत सांगून टाकते. सीबमधल्याच अल खौदला एकांनी हौसेनं ब्रँड न्यू पेंटियम फोर घेतला होता, रॅमबसचा. त्यात पट्ट्या जोडीनं लागायच्या, आणि वर रिकाम्या स्लॉटांतही एक नुसती जोडपट्टी बसवावी लागायची, जिच्यात रॅम काहीच नाही. मंडळात त्यावर किती विनोद झाले असतील! बिचाऱ्यांनी पुढं ते मशीन कुणालाही आठवू नये म्हणून टेबलक्लॉथनं झाकून ठेवलं.

डीडीआर ही रॅमची नवी जात आली तेव्हा खाच दोनाची एक झाली आणि पिना १८४. जुनी सगळी साठवण बाद. आमच्या पितळी डब्यात, जिथं इतर बायका सुपारी ठेवतात, तिथं माझ्या काढलेल्या पट्ट्या होत्या. त्या दाखवायला मी कुणालाही सोडायची नाही. पुढच्या मशीनसाठी डीडीआरची पहिली पट्टी दुबईहून आली. ईदच्या सुट्टीत सगळे सोहारमार्गे गाडीनं दुबईला जायचे. बायका मीना बाजारात शिरायच्या आणि पुरुष खालिद बिन अल वलीद रोडवर, ज्याला सगळे कॉम्प्युटर स्ट्रीटच म्हणायचे. मी पुरुषांबरोबर.

मग ६ जून २००७, गोनू वादळ. ओमानच्या लोकांनी असा पाऊस जन्मात पाहिला नव्हता. वाद्या, म्हणजे एरवी कोरडे असणारे ओढे, फुगल्या, रस्ते वाहून गेले, कित्येक जीव गेले. आमच्या गल्लीत पोटरीभर पाणी. यांनी पासपोर्ट आणि मुलीचे दाखले उशीला बांधले, मी कॅबिनेट कपाटावर चढवलं. वीज-पाणी पूर्ववत व्हायला बरेच दिवस गेले. वीज आल्यावर कॉम्प्युटर चालू केला तर डिस्प्ले नाही, नुसत्या लांब लांब बीप. मुलगी रडायला लागली, कारण तिचं प्रोजेक्ट आत. पण लांब बीप ऐकून मला उलट धीर आला. ती बहुतेक वेळा रॅमचीच तक्रार असते. पट्टी काढली. दमट हवेनं दातांवर मळकट पापुद्रा धरला होता. मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं, एकाच दिशेनं हलक्या हातानं दात पुसले, रबराचा भुगा झटकला आणि पट्टी परत बसवली. एक छोटी बीप आणि पडद्यावर विंडोज एक्सपीची हिरवी टेकडी. शेजारची पंजाबी बाई ते खोडरबर मागून घेऊन गेली, ते काही परत आलं नाही.

त्या मशीनला आणखी ५१२ घालायची होती, तेव्हा मात्र उलटाच अनुभव आला. रुवीत नवी डीडीआर-२ स्वस्त आणि आमची जुनी डीडीआर महाग. कारखाने नव्याकडे वळले की जुनं मिळेनासं होतं आणि त्याचा भाव चढतो. हे “मग नवंच घेऊ का?” म्हणाले आणि लगेच स्वतःच, “पण आता दोन वर्षांसाठी...” शेवटी माझा भाऊ डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरला, लॅमिंग्टन रोडवर एका सेकंडहँडवाल्याकडून पट्टी घेतली, दुकानातच लावून तपासून घेतली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून भाजणीच्या पिशव्यांमध्ये खुपसून पाठवली. चकल्या आणि एक जीबी एकाच दिवशी झाल्या.

आमचं एक्झिट झालं तेव्हा तो कॉम्प्युटर एका नव्या आलेल्या कोल्हापूरच्या जोडप्यानं नेला. मी त्यातल्या मुलीला पितळी डबा दिला नाही, पण बोर्डाचं नाव, पट्टीची जात आणि चिपांची संख्या कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून दिली.

डोंबिवलीला स्थिरस्थावर झाल्यावर पहिल्यांदा अख्खा नवा कॉम्प्युटर घ्यायला आम्ही दुकानात गेलो. बोर्डाला चार स्लॉट होते. दुकानदारानं विचारलं, रॅम किती टाकू, आठ जीबी की सोळा? हे सवयीनं म्हणाले, “आठ पुरे हो, दोन-चार वर्षांचा तर प्रश्न आहे.”

“सोळा टाका,” मी म्हटलं. “आठ-आठच्या दोन. आणि वरचे दोन स्लॉट रिकामे राहू द्या, ते माझं मी बघते.”