तळ्याकाठची आफ्रिका

लॉस एंजेलिसच्या मध्यभागापासून ईशान्येला सुमारे २० किलोमीटरवर, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी आर्केडिया हे गाव आहे. तेथील वनस्पती उद्यानात शिरताच मोर आडवे येतात. हे मोर मूळचे भारतातले. त्यांच्यामागून पायवाट उतरत गेली की ताडांच्या गर्दीत एक उथळ तळे दिसते. जुने टारझनपट पाहिलेल्याला ही जागा ओळखीची वाटते.

जमिनीखालच्या भेगेशी अडून वर येणाऱ्या पाण्याने हे तळे एके काळी भरत असे. कोरड्या मुलखातल्या या पाण्याच्या आसऱ्याने पूर्वी टोंग्वा लोक राहत. पुढे चांदीच्या खाणींच्या शेअर्सवर गबर झालेल्या इलायस बॉल्डविनने १८७५ मध्ये हा परिसर २ लाख डॉलरना घेतला. काठावरचा नक्षीदार लाकडी बंगला त्याचाच आणि मोरही त्यानेच आणवले. १९०९ मध्ये तो वारला. १९३६ मध्ये जमीन विकासकांच्या हाती गेली. प्लॉट पडू लागले, पण तळ्याभोवतीचा भाग तसाच राहिला.

सिनेमावाल्यांना आणखी काय हवे होते? पाणी, वेली, झाडी, आणि संध्याकाळी सगळी मंडळी आपापल्या घरी. ‘टारझन एस्केप्स’ (१९३६), ‘टारझन अँड द अमेझॉन्स’ (१९४५) यांचे काही चित्रण येथलेच. ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदके मिळवलेला जॉनी वाइसम्युलर बारा चित्रपटांत टारझन झाला. लंगोटीत शोभण्याचे वय सरल्यावर, १९४८ पासून, त्याने अंगात सदरा-पँट चढवून ‘जंगल जिम’ साकारला. कोलंबिया कंपनीसाठी ही चित्रपटमालिका काढणारा सॅम कॅट्झमन काटकसरीबद्दल प्रसिद्ध होता. सिंह, हत्ती, सुसरी यांची जुनी दृश्ये जोडायची आणि मधल्या जागेत नायकाला धावायला लावायचे, हा या धंद्याचा सर्रास रिवाज. एमजीएमसारखी श्रीमंत कंपनीही त्यातून सुटली नव्हती: ‘ट्रेडर हॉर्न’साठी आफ्रिकेत टिपलेली दृश्ये तिने १९३२ च्या टारझनपटात पुन्हा वापरली. आफ्रिकी हत्ती आवरेनात, म्हणून आशियाई हत्तींनाच मोठे खोटे कान बांधले.

१९४७ मध्ये राज्य व काउंटी सरकारांनी ही जमीन विकत घेऊन उद्यान उभारले. आता तेथे आफ्रिकेतल्या झाडांचा स्वतंत्र विभाग आहे. पडद्यावर आफ्रिका म्हणून झळकलेल्या तळ्याकाठी मात्र आजही मेक्सिकोचे उंच ताड उभे आहेत.