चौतीस मिलिमीटरची खिडकी

मोटारींच्या शर्यतीशी माझा संबंध पावणेनऊची बस पकडण्यापुरता. तरी शर्यतीच्या इंजिनात हवा शिरते त्या वाटेवर रिस्ट्रिक्टर नावाची कडी बसवून वाट मुद्दाम अरुंद करतात, हे वाचलं आणि अगदी घरच्यासारखं वाटलं. हवा कमी, म्हणजे पेट्रोल कमी जळणार, म्हणजे ताकद बेताची. गाड्या हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून नियमवाल्यांनी काढलेली ही तोड.

तुम्ही म्हणाल, भोक लहान तर इंजिनानं जोरात ओढावं! ओढतंच की. पण त्या गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला भिडला, की खेळ खलास. आतून कितीही ओढा, गुंजभरही जास्त हवा यायची नाही. एक तारखेला पेन्शनवाल्यांची रांग लागलेली असताना आमचे मॅनेजरसाहेब आतून ‘आटपा, आटपा’ म्हणून ओरडतात. खिडकीतून येणारा हात एका वेळी एकच.

1995 साली जागतिक रॅली स्पर्धेत टर्बोच्या तोंडाशी 34 मिलिमीटरची कडी सक्तीची होती. चांगल्या मापाचा पेढा म्हणा ना! स्पेनमधल्या कॅटालुन्या रॅलीत टोयोटा संघाच्या सेलिका गाड्या तपासल्या. कडी मोजली, बरोबर 34. पण गंमत पुढेच आहे. हवेचा पाइप जोडून घट्ट आवळला, की ही कडी जागची सुमारे 5 मिलिमीटर सरकायची आणि हवा बाजूच्या फटीतून गुपचूप आत. तपासायला पाइप सोडला, की स्प्रिंगच्या जोरावर कडी पुन्हा जागेवर! इन्स्पेक्शनच्या दिवशी दहाच्या ठोक्याला टेबलाशी बसलेले कारकून मी पुष्कळ पाहिले आहेत, पण ही कारागिरी काही औरच. शिक्षा करणाऱ्या महासंघाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनाही तिची तारीफ केल्यावाचून राहवलं नाही.

संघावर 12 महिन्यांची बंदी आली. ते योग्यच झालं. मला रुखरुख लागते ती चालकांची. त्यांना हे ठाऊक होतं असं महासंघसुद्धा म्हणाला नाही. तरी वर्षभराचे गुण पुसले गेले. युहा कांकुनेन चार वेळचा जगज्जेता, त्या साली पाचव्यांदा विजेतेपदाच्या मागे होता. गाडीच्या आत पाइप कुणी आवळला, हे काही तो बॉनेट उघडून बघत बसणार नव्हता. त्याच्या खात्यावर शिल्लक मात्र शून्य.