तिसरा आला तरी

चि. मनूस,


तुझं पत्र परवा मिळालं. दोन प्रभारांमधलं बल सूत्राने काढता येतं हे तुला पटलंय. पण शेजारी तिसरा प्रभार आणून ठेवला तरी पहिल्या दोघांमधलं बल तेवढंच कसं राहतं, हे काही केल्या पटत नाही, असं तू लिहिलंस. फार चांगला प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकात ‘अध्यारोपण तत्त्व’ या नावाखाली त्याचं उत्तर दोन ओळींत उरकलेलं असतं आणि लगेच उदाहरणं सुरू होतात. परीक्षेपुरतं ते भागतं. पण त्या दोन ओळींवर सगळं स्थिरविद्युतशास्त्र उभं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझं ते सूत्र ज्याच्या नावाने ओळखलं जातं, तो शार्ल-ऑगस्तँ द कूलॉम पेशाने फ्रेंच सैन्यातला इंजिनिअर. १७३६ सालचा त्याचा जन्म. उमेदीची वर्षं मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात गेली आणि तिथून तो खालावलेली प्रकृती घेऊन परतला. पुढे त्याने एका साध्या दिसणाऱ्या गोष्टीचा ध्यास घेतला : तारेला पीळ दिला तर ती किती जोराने उलट फिरू पाहते? त्या अभ्यासातून त्याचा पिळाचा तराजू तयार झाला. काचेच्या नळकांड्यात चांदीची अतिशय बारीक तार टांगलेली, तारेला खाली आडवी काडी आणि काडीच्या टोकाला झाडाच्या गाभ्यापासून केलेली हलकी गोळी. तिच्याशेजारी तशीच दुसरी गोळी, पण पक्की बसवलेली. दोन्ही गोळ्यांवर सारखा प्रभार दिला की फिरती गोळी दूर सरकते आणि तारेला पीळ बसतो.

१७८५ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलेले आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. पहिल्या वेळी गोळ्यांमध्ये ३६ अंशांचं अंतर पडलं आणि तारेचा पीळही ३६ अंश होता. मग वरून तार आणखी पिळून त्याने गोळ्या १८ अंशांपर्यंत जवळ आणल्या. आता एकूण पीळ भरला १४४ अंश. अंतर निम्मं, बल चौपट. तिसऱ्या वेळी अंतर साडेआठ अंश आणि पीळ ५७५.५ अंश, म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ सोळापट. एवढ्या तीन मोजमापांवर व्यस्त वर्गाचा नियम मांडला गेला.

या बलाचा आवाका केवढा, तेही पाहून ठेव. एकेक कूलॉमचे दोन प्रभार एकमेकांपासून एक मीटरवर ठेवले, तर त्यांच्यातलं बल सुमारे ८९९ कोटी न्यूटन होईल. नऊ लाख टनांचं वजन पेलायला लागेल एवढं ते बल! म्हणूनच गणितांमध्ये मायक्रोकूलॉम येतात.

आता तिघांकडे येऊ. समभुज त्रिकोण घे, बाजू १० सेंटीमीटर. अ, ब, क या तिन्ही शिरोबिंदूंवर प्रत्येकी एक मायक्रोकूलॉम धन प्रभार. कोणत्याही जोडीतलं बल ०.९ न्यूटन. ‘क’वर अ आणि ब दोघंही ०.९ न्यूटनने ढकलतात, पण १.८ हे उत्तर चुकीचं. कारण दोन बलांच्या दिशांमध्ये ६० अंशांचा कोन आहे. घटक पाडून बघ. अ-ब या बाजूला समांतर असलेले घटक एकमेकांना खोडून काढतात, लंब दिशेचे मात्र जुळतात, आणि परिणामी बल येतं १.५६ न्यूटन, त्रिकोणाच्या थेट बाहेर.

मग ‘ब’चा प्रभार तेवढाच ठेवून फक्त चिन्ह बदल, धनाचा ऋण कर. अ ढकलतो, ब ओढतो, दोघांचंही बल ०.९ न्यूटन. घाईत बेरीज करणारा शून्य लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात आता लंब घटक खोडले जातात आणि समांतर घटक जुळतात. परिणामी बल ०.९ न्यूटन, अ कडून ब च्या दिशेने. म्हणून सूत्रात चिन्हं कोंबण्यापेक्षा आधी आकृती काढावी, प्रत्येक बलाचा बाण दाखवावा, आकर्षण की प्रतिकर्षण हे बाणाच्या दिशेतच मांडावं, आणि मगच घटकांची बेरीज करावी. निम्म्या चुका तिथेच टळतात.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट आपण न बोलता धरून चाललो : ब असो वा नसो, अ आणि क यांच्यातलं बल बदलत नाही. हेच अध्यारोपण तत्त्व. हे तर्काने सिद्ध करता येत नाही. निसर्ग वेगळाही वागू शकला असता, आणि काही ठिकाणी वागतोही. अणुकेंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना बांधणारं बल घे. एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असलेल्या ट्रिटियमच्या केंद्रकाची बंधनऊर्जा फक्त जोड्याजोड्यांच्या बलांतून काढली, तर ती कमी भरते. तिघं एकत्र आल्यानेच उपजणारं वेगळं बल हिशेबात घ्यावं लागतं. तुझी शंका तिथे तंतोतंत खरी ठरते. प्रभारांच्या बाबतीत ती खरी ठरत नाही, हे प्रयोगांनी ठरवलेलं आहे.

कोणत्या प्रयोगांनी? इथे कूलॉमच्या आधीची एक सुंदर गोष्ट आहे. धातूच्या पोकळ भांड्याला प्रभार दिला तरी आत सोडलेल्या बुचाच्या गोळीला भांड्याच्या भिंती ओढत नाहीत, हे बेंजामिन फ्रँकलिनने पाहिलं होतं. जोसेफ प्रीस्टलीने १७६७ मध्ये त्यावरून व्यस्त वर्गाचा अंदाज बांधला. पोकळ गोलाच्या आत कुठेही उभं राहिलं, तर जवळचा भिंतीचा तुकडा लहान पण जोरदार, समोरचा दूरचा तुकडा मोठा पण क्षीण. अंतराच्या वर्गाने बल घटत असेल तरच ही बेरीज सगळीकडे शून्य होते. हेन्री कॅव्हेंडिशने १७७३ च्या सुमारास एकात एक बसणाऱ्या गोलांनी हे तपासलं. नियमातला अंतराचा घातांक २ पासून सरकलाच तर १/५० पेक्षा जास्त सरकू शकत नाही, असं त्याचं उत्तर आलं. त्याने ते छापलंच नाही. १८७९ साली मॅक्सवेलने त्याची हस्तलिखितं प्रसिद्ध केली तेव्हा जगाला कळलं. १९७१ मध्ये विल्यम्स, फॅलर आणि हिल यांनी याच कल्पनेचा विद्युत उपकरणांनी प्रयोग केला आणि घातांक दशांशचिन्हानंतर पंधरा स्थळांपर्यंत २ च राहतो असं दाखवलं.

यातली खुबी लक्षात आली का? नियम दोन प्रभारांचा. पण त्याची सर्वांत कडक परीक्षा घेतली गेली ती असंख्य प्रभारांच्या बेरजेतून. अध्यारोपण चुकीचं असतं, तर गोलाच्या आतला तो शून्य इतका नेमका आलाच नसता.

‘मग पाण्यात बल कमी का होतं?’ हा तुझा पुढचा प्रश्न असणार. मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोराइड आयन ०.२८२ नॅनोमीटरवर असतात. एका जोडीतलं आकर्षण एका न्यूटनच्या सुमारे तीन-अब्जांशाएवढं. ऐकायला क्षुल्लक, पण सोडियम आयनच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक कोटी कोटी पटींनी मोठं. तेच आयन पाण्यात परस्परांपासून जरा लांब गेले की त्यांच्यातलं बल जणू ऐंशीपट घटतं. पाणी मध्ये पडून नियम मोडतं का? नाही. पाण्याच्या प्रत्येक रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. हे रेणू आयनांभोवती वळून उभे राहतात आणि त्यांचे प्रभारही बेरजेत येतात. सोडियम-क्लोराइडचं आपापसातलं बल तेवढंच असतं. त्याला विरोध करणारे हजारो नवे बाण आकृतीत आलेले असतात. धातूचे गोळे जवळ आणल्यावरही असंच होतं. त्यांच्यावरचा प्रभार जागा बदलतो, म्हणून एकूण बल बदलतं. प्रत्येक जोडीचा नियम तोच राहतो.

या तत्त्वालाही हद्द आहे. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या अॅटलास गटाला २०१७ मध्ये प्रकाशकणांनी प्रकाशकणांना विचलित केल्याचे पुरावे मिळाले, ते शिशाची केंद्रकं प्रचंड वेगाने एकमेकांच्या अगदी जवळून नेल्यावर. तिथली विद्युतक्षेत्रं इतकी तीव्र असतात की साधी बेरीज किंचित कमी पडते. प्रयोगशाळेतल्या टेबलावर त्याचा मागमूसही लागत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, ती संख्येची. तीन प्रभारांच्या जोड्या तीन, दहांच्या पंचेचाळीस, एक लाखाच्या जवळजवळ ५०० कोटी. पाण्यात बुडालेल्या एका प्रथिनाचा संगणकावर अभ्यास करताना अणू सहज लाखभर असतात, आणि दर एक-दोन फेम्टोसेकंदांच्या टप्प्याला सगळी बलं नव्याने काढावी लागतात. पॉल एवाल्डने १९२१ मध्ये स्फटिकांसाठी शोधलेली बेरजेची युक्ती आणि ग्रीनगार्ड-रोखलिन यांची १९८७ ची पद्धत यांनी हे काम आटोक्यात आणलं. दूरच्या प्रभारांचा गट करून त्यांचा परिणाम एकदम मोजता येतो, तो अध्यारोपणामुळेच.

आता तुझ्यासाठी एक उदाहरण. चौरसाच्या चारही कोपऱ्यांवर सारखा धन प्रभार. केंद्रावर किती ऋण प्रभार ठेवला, तर सगळे जागच्या जागी राहतील? एका कोपऱ्यावर शेजारच्या दोघांची बलं काटकोनात येतात, कर्णावरच्याचं त्यांच्या मधोमध. उत्तर कोपऱ्यावरच्या प्रभाराच्या ०.९५७ पट आलं पाहिजे. ते जमलं की केंद्रावरचा प्रभार चौरसाच्या पातळीतच केंद्रापासून केसभर सरकव आणि त्याच्यावरचं परिणामी बल त्याला परत आणतं की आणखी दूर नेतं, ते काढ. नुसत्या स्थिरविद्युत बलांनी पक्का समतोल साधताच येत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉने १८४२ मध्ये सिद्ध केलं होतं. ते तुझ्या आकड्यांत दिसायला हवं. कागद पाठव, आकृतीसकट.

आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा