अण्णांच्या मागे

13 जुलै 2024
काल पहाटे अण्णा गेले. वय 88. काल शुक्रवार होता म्हणून बरं झालं, असं भाऊ म्हणाला आणि कुणाला ते खटकलं नाही. भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात. दुपारची नमाज आटोपून माणसं थेट आमच्या आळीत आली आणि मगच अण्णांना उचललं. निजामपुऱ्यातले चाचा तिरडीच्या पुढच्या बाजूला होते. ऐंशी ओलांडलेला माणूस, खांदा बदलायला तयार नाही.

15 जुलै
येणारे थांबत नाहीत. आज आझमगडकडचे एक वयस्कर कारागीर आले. मागावरून उतरून त्यांना बरीच वर्षं झाली, पण बोलतात अजून मोठ्यानेच; खटखटाटात आयुष्य गेलेली माणसं हळू बोलू शकत नाहीत.

अण्णा कारखान्यात हिशेबनीस. सुट्टीच्या शुक्रवारी टपाल कचेरीबाहेर बसून कामगारांच्या मनीऑर्डरी लिहीत. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर निरोपाला जेमतेम दोन-तीन ओळींची जागा. सांगणारा दहा मिनिटं सांगे : म्हशीचं काय झालं, धाकटीचा ताप उतरला का, सावकाराला एवढ्यात काही देऊ नका. अण्णा सगळं ऐकून घेत आणि मुंगीएवढ्या अक्षरात बसवत. पाहुणे म्हणाले, "साहब काटते नहीं थे." मला हे कौतुक नेमकं वाटलं. आमच्या शाळेतल्या निबंधांवर मात्र त्यांनी कात्री सोडली नव्हती.

17 जुलै
आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी तारीख यंदा एकाच दिवशी आली. आम्हाला सुतक, त्यामुळे देवाचं काही नाही. नाक्यावर पोलीस उभे आहेत, शेजारीच सरबताचं टेबल आहे आणि विठ्ठलाच्या देवळाकडे निघालेल्या बायका ते सरबत पिऊन पुढे जाताहेत. उपासाला सरबत चालतं.

अण्णा असते तर आज घरी सापडले नसते. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत पेटलेली दंगल त्यांनी चौतिसाव्या वर्षी पाहिली. त्याबद्दल ते बोलत नसत, फक्त न्यायमूर्ती मादन आयोगाची कात्रणं जपून ठेवली होती. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा तेच. मग 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं, पण पुढारी नकोत. बैठक बोलावणार बीटवरचा पोलीस. अण्णा आमच्या भागातल्या कमिटीत गेले ते उत्साहाने नाही, चाचांनी ओढून नेलं म्हणून.

बाहेरच्यांना वाटतं तिथे एकोप्याची भाषणं होत असतील. अण्णांकडून मी ऐकलं ते सगळं गटार, नळाची वेळ, दारू पिऊन बायकोला मारणारा, रात्री बारानंतरचा भोंगा. भांडण गटारावरून असेल तोवर ते गटारावरूनच राहू द्यायचं, त्याला धर्म चिकटू द्यायचा नाही, एवढंच काम. 6 डिसेंबर 1992 नंतर मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली, याचं श्रेय पुष्कळांनी घेतलं. माझ्या मते ते त्या कंटाळवाण्या बैठकांचं आहे.

आईचं म्हणणं वेगळं. "हे चार रात्री चौकीत, अन् घरात गॅस संपलेला. तुला काविळीने उलट्या. तेही लिही." लिहिलं.

21 जुलै
दहावा. पिंडाला कावळा चटकन शिवला. आई म्हणाली, "आश्चर्यच आहे, ते मागल्या गल्लीतलं गटार तर अजून अर्धवटच आहे."

24 जुलै
तेरावं. स्वयंपाकाचा पसारा आवरतोय तोच पोरांनी नाक्यावर फ्लेक्स लावला. अण्णांचा पासपोर्टचा फोटो दारभर मोठा केलेला, खाली 'ज्येष्ठ समाजसेवक' आणि त्याखाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे चेहरे. श्रद्धांजलीत शुभेच्छुक! अण्णांनी फ्लेक्सविरुद्ध महापालिकेला किती अर्ज दिले असतील त्याला गणती नाही. भाऊ उतरवायला निघाला. आईने अडवलं. "पोरांनी पैसे घातलेत. दोन दिवस राहू दे."

26 जुलै
पाऊस लागून राहिलाय. 2005 साली याच तारखेला कामवारी नदी शहरात शिरली होती. तेव्हा 69 वर्षांचे अण्णा कामगारांच्या भिशीत, म्हणजे खाणावळीत, मावशींबरोबर खिचडीच्या पातेल्यांपाशी उभे होते. कुणी किती किलो तांदूळ दिले ते वहीत टिपत होते, आणि पाणी ओसरल्यावर उरलेले अकरा किलो ज्याचे त्याला परत करायला निघाले. लोक घेईनात. अण्णा चिडले. शेवटी भिशीवाल्या मावशींनी ते ठेवून घेतले आणि पुढे आठवडाभर अण्णांशी बोलल्या नाहीत.

मावशी गेल्या, भिशी आता त्यांची सून चालवते. आज तिच्या चुलीवरचा पत्रा गळायला लागला. आईने पोरांना बोलावलं, दोन दिवस झाले म्हणाली, आणि फ्लेक्स पत्र्यावर टाकायला लावला. छापील बाजू वर की खाली, यावर पोरांची बरीच हुज्जत झाली. आई म्हणाली, "खाली करा. वर ठेवलात तर कावळे घाण करतील."

आता भाकऱ्या थापताना सुनेच्या डोक्यावर अण्णा आणि सोळा शुभेच्छुक आहेत. पाणी गळत नाही.